परदेशात जाताना प्रीपेड सिम: मुंबईहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी जवळ आली की बिल्डिंगच्या ग्रुपवर, ऑफिसात, नातेवाइकांत तेच तेच प्रश्न फिरायला लागतात. सिम इथून घेऊ का तिथे, बँकेचा ओटीपी येणार का, आईचं व्हॉट्सॲप चालणार का. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. माझं मत आधीच सांगते: भारतातलं सिम फोनमधून काढायचं नाही, ते ओटीपी आणि मेसेजसाठी जिवंत ठेवायचं, आणि इंटरनेट मात्र दुसऱ्या कार्डावर चालवायचं. पॅकच्या किमती मुद्दामच लिहिल्या नाहीत, त्या सारख्या बदलतात, निघायच्या आठवड्यात कंपनीच्या ॲपमध्येच बघा.

रोमिंग पॅक मारला की काम झालं ना? नवीन सिमची भानगड कशाला?

दोन-तीन दिवसांसाठी ऑफिसच्या कामाने सिंगापूर नाहीतर दुबईला जाताय तर खुशाल रोमिंग पॅक घ्या, जिओ, एअरटेल, व्ही तिघांचेही आहेत, आणि तुमचा नंबर तोच राहतो हे सुख आहेच. पण आठवडा-दहा दिवस असतील आणि घरातली चार माणसं असतील तर चार पॅकचे पैसे जोडून बघा, मग तिथल्या एका सिमवर हॉटस्पॉट लावून सगळ्यांचं भागवणं किती स्वस्त पडतं ते कळेल. पॅक घेताना दोन गोष्टी नक्की वाचा, तुमचा देश यादीत आहे का आणि दिवस कधीपासून मोजतात. आणि मध्ये दोहा, अबू धाबी, इस्तंबूल असा हॉल्ट असेल तर तो देश पॅकमध्ये असेलच असं नाही, त्या तीन-चार तासांत फोन फ्लाइट मोडवर ठेवून विमानतळाचं वाय-फाय वापरा. पॅक नसताना डेटा चालू राहिला तर दर एमबीवर लागतो आणि पोस्टपेडवाल्यांना तो आकडा घरी आल्यावर बिलात दिसतो. प्रीपेडचं बरं असतं, बॅलन्स संपला की आपोआप थांबतं.

बँकेचा ओटीपी परदेशात येतो का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नेमका तोच लोक विमानात बसल्यावर विचारतात. येतो, पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात. भारतातलं सिम फोनमध्ये असलं पाहिजे, त्यावर इंटरनॅशनल रोमिंग चालू असलं पाहिजे, आणि रिचार्जची मुदत संपलेली नसली पाहिजे. इनकमिंग एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. पण रोमिंग चालू असणं आणि रोमिंग पॅक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काही प्रीपेडना छोटा रोमिंग रिचार्ज मारल्याशिवाय तिकडचं नेटवर्कच पकडत नाही, त्यामुळे कस्टमर केअरला फोन करून सरळ विचारा की मला फक्त एसएमएस यायला हवेत, त्यासाठी कमीत कमी काय करावं लागेल.

सेटिंग असं ठेवायचं: भारतातल्या सिमची लाइन चालू, त्याचं डेटा रोमिंग बंद. परदेशी सिमचं डेटा रोमिंग गरजेप्रमाणे चालू, आणि मोबाइल डेटासाठी तेच सिम निवडलेलं. आयफोनवर डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारं एक बटण असतं, सेल्युलर डेटा स्विचिंग नावाचं, तेही बंद करा, नाहीतर परदेशी सिमची रेंज गेली की फोन गुपचूप भारतातल्या सिमवर जातो. अँड्रॉइडमध्येही असलंच काहीतरी असतं, नाव कंपनीप्रमाणे बदलतं.

बँकॉकच्या विमानतळावर काय होतं ते सांगते. काउंटरवरची मुलगी तुमचा फोन हातात घेते, पिनने ट्रे बाहेर काढते, तुमचं सिम उचलते, नवीन बसवते आणि तुमचं सिम त्यांच्याच कागदी पाकिटाच्या आत सेलोटेपने चिकटवून परत देते. सगळं अर्ध्या मिनिटात, ती तिचं काम नीट करते, पण आता तुमचा ओटीपी त्या सेलोटेपखाली आहे. फोनमध्ये दुसरा स्लॉट रिकामा असेल तर तिला बोट दाखवून सांगा की इथे घाल, हे काढू नकोस. आणि स्लॉटमध्ये मेमरी कार्ड अडकलेलं असेल तर ते घरीच काढून ठेवा, बऱ्याच अँड्रॉइडमध्ये दुसरं सिम आणि मेमरी कार्ड एकाच जागेवर बसतं.

यूपीआयचं पण हेच. गूगल पे, फोनपे ही ॲप्स सिमशी बांधलेली असतात, सिम काढलं आणि ॲपने परत पडताळणी मागितली तर ती त्याच सिमवरून एसएमएस पाठवायला बघतात आणि परदेशातून ते बरेचदा अडकतं. सिंगापूर, युएई, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस आणि फ्रान्समध्ये आयफेल टॉवरसारख्या काही ठिकाणी आपलं यूपीआय चालतं, पण ॲपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल आधी चालू करावं लागतं.

माझ्या फोनमध्ये ई-सिम चालतं का हे कसं कळणार?

ई-सिम म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम. डायल पॅडवर *#०६# दाबा. जे आकडे दिसतात त्यात ईआयडी असं काही दिसलं तर चालतं. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएसपासून ई-सिम आहे. चीनमध्ये विकल्या गेलेल्या बऱ्याच आयफोनमध्ये दोन्ही साधी सिम बसतात पण ई-सिम नाही, त्यामुळे मुंबईतल्या मनीष मार्केट किंवा हिरा पन्ना अशा बाजारातून घेतलेला फोन असेल तर तपासूनच बघा. अमेरिकेतले आयफोन १४ पासून उलटे, त्यांना सिमचा ट्रेच नाही. भाच्याने न्यू जर्सीहून आणून दिलेला फोन घेऊन श्रीलंकेत साधं सिम घ्यायला गेलात तर ते घालायचं कुठे हा प्रश्न पडतो.

आणि फोन लॉक नाही ना तेही बघा. अमेरिकेत हप्त्यावर घेतलेले फोन बरेचदा एकाच कंपनीला बांधलेले असतात. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट मध्ये खाली कॅरियर लॉक दिसतं, तिथे नो सिम रिस्ट्रिक्शन्स असं लिहिलेलं हवं.

भारतातलं सिम ई-सिम करून घेऊ का, म्हणजे स्लॉट मोकळा होईल?

कल्पना चांगली आहे, पण निघायच्या आदल्या दिवशी अजिबात नको. सिम बदललं की पुढचे २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे, फसवणूक होऊ नये म्हणून. म्हणजे रात्री दोनच्या फ्लाइटला सहार विमानतळावर पोचलात आणि कार्डाचा ओटीपीच येत नाही. आठवडाभर आधी करा आणि दोन-चार ओटीपी येऊन गेले की मगच निर्धास्त व्हा.

मुंबईहून सिम घ्यावं की तिथे उतरल्यावर?

माझं उत्तर देशावर आणि माणसावर अवलंबून आहे. तुम्ही तरुण आहात, इंग्रजी येतं, एकटे किंवा दोघं जाताय, तर तिथे घ्या, स्वस्त पडतं आणि बिघडलं तर काउंटर समोर असतो. विमानतळापेक्षा शहरातल्या दुकानात अजून स्वस्त मिळतं बहुतेक देशांत, पण पहिल्या तासातच टॅक्सी बोलवायची असते, हॉटेलचा पत्ता काढायचा असतो, त्यामुळे विमानतळावर थोडे जास्त पैसे गेले तरी मला ते चुकीचं वाटत नाही.

ज्येष्ठ मंडळी असतील, रात्री उतरणार असतील, किंवा केसरी, वीणा वर्ल्डसारख्यांच्या ग्रुप टूरवर असतील तर इथूनच घेऊन जा. ग्रुप टूरमध्ये विमानातून उतरलं की बस उभी असते, सिमच्या रांगेत पाऊण तास उभं राहायला कोणी थांबत नाही. इथे विकणाऱ्या कंपन्या घरपोच देतात, मराठी-हिंदीत समजावून सांगतात, जे जास्तीचे पैसे जातात ते त्याचेच आहेत असं समजा. फक्त घेताना विचारा की हे नक्की कुठल्या देशाच्या कुठल्या कंपनीचं सिम आहे, कॉल आहेत की फक्त डेटा, आणि डेटा संपला तर तिथून वाढवता येतो का. उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे बघा. आणि एक, जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये रविवारी शहरातली दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची आणि विमानतळावरची तेवढी उघडी, त्यामुळे रविवारी सकाळी उतरणार असाल तर त्या भरवशावर राहू नका.

सिम काढायची पिन सोबत ठेवा हे वेगळं सांगायला नको. स्टेपलरची पिन नको, वाकते.

ट्रॅव्हल ई-सिमची ॲप्स मला स्टोअरमध्ये सापडतच नाहीत, असं का?

कारण भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. जानेवारी २०२४ मध्ये विभागाच्या सांगण्यावरून एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन प्रसिद्ध ॲप्स भारतातल्या ॲपल आणि गूगलच्या स्टोअरमधून काढली गेली. त्यामुळे परवानगी असलेल्या भारतीय विक्रेत्याकडून घ्या, नाहीतर तिथे उतरून त्या देशातल्या कंपनीकडूनच ई-सिम घ्या, आता बहुतेक ठिकाणी मिळतं.

ई-सिमबद्दल लक्षात ठेवायचं म्हणजे क्यूआर कोड घरच्या वाय-फायवर आधीच टाकून ठेवा, बहुतेकांची मुदत तिथलं नेटवर्क पहिल्यांदा पकडलं की सुरू होते, पण काहींची टाकल्या क्षणापासून सुरू होते, म्हणून ती ओळ वाचा. तो कोड सहसा एकदाच चालतो. नेट चालत नाही म्हणून वैतागून ई-सिम डिलीट करू नका, तेच पुन्हा टाकता येत नाही आणि पैसे जातात. क्यूआर कोड ज्या फोनवर आलाय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार, तर दुसऱ्या कोणाच्या फोनवर पाठवा किंवा प्रिंट काढा. अनलिमिटेड लिहिलं असेल तर रोजच्या ठराविक जीबीनंतर स्पीड किती होतो ते शोधा, बारीक अक्षरांत कुठेतरी असतंच.

युरोपला एकच सिम सगळीकडे चालतं ना?

चालतं, पण स्वित्झर्लंड सोडून! हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये कुठल्याही एका देशाचं सिम बाकीच्या देशांत घरच्याच दराने वापरता येतं, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइनही त्यात आहेत. म्हणजे पॅरिसला घेतलेलं सिम रोमला, व्हिएन्नाला, प्रागला चालणार, फक्त दुसऱ्या देशात डेटाची मर्यादा थोडी कमी असू शकते. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही आणि ब्रिटनही आता नाही. आता आपल्या लोकांची युरोप टूर कशी असते, लंडन, पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मग इटली. म्हणजे नेमके दोन मोठे मुक्काम या नियमाच्या बाहेर! टिटलिसवर बर्फात उभं राहून घरी व्हिडिओ कॉल लावायचाय आणि पॅरिसचं सिम मुकाट बसलंय, नाहीतर बॅलन्स भराभर खातंय.

बऱ्याच कंपन्या आपणहून स्वित्झर्लंड आणि ब्रिटन पॅकमध्ये देतात, त्यामुळे घाबरायचं काही नाही, फक्त पाकिटावरची देशांची यादी काढायला सांगा आणि तुमच्या टूरच्या कागदावरच्या प्रत्येक देशावर बोट ठेवून जुळवून बघा. सर्बिया, बोस्निया, तुर्की हेही युनियनमध्ये नाहीत.

लंडनला मात्र सिम घेणं अगदी सोपं, ओळखपत्रसुद्धा मागत नाहीत, कोपऱ्यावरच्या दुकानात लेबारा, लायका, गिफगाफ अशी मिळतात. जर्मनीत त्याच्या उलट, २०१७ पासून पासपोर्ट दाखवून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू होत नाही, त्यामुळे तिथे ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानात जाऊन समोरासमोर करून घ्या.

थायलंड, सिंगापूर, दुबई, जपान, या ठिकाणी काय वेगळं आहे?

थायलंडला एआयएस आणि ट्रू ही दोन मोठी नावं, डीटॅक २०२३ मध्ये ट्रूमध्येच विलीन झालं, त्यामुळे जुन्या लोकांच्या सल्ल्यातलं नाव शोधत बसू नका. पासपोर्ट लागतो. सिंगापूरला सिंगटेल, स्टारहब, एम१, चांगीला उतरल्यावर काउंटर दिसतातच, तिथेही पासपोर्ट. श्रीलंकेत डायलॉग, मालदीवमध्ये धिरागू आणि उरेडू, व्हिएतनाममध्ये व्हिएटेल, सगळ्यांचे काउंटर विमानतळावरच. नेपाळला एनसेल किंवा नेपाळ टेलिकॉम, तिथे जाताना ओळखपत्राची झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट साइझ फोटो पाकिटात टाका, मागतात.

दुबईत एतिसलात (आता नाव ई अँड) आणि डू. तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो सगळं जातं पण व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, तिथल्या नियमामुळे, तुमच्या सिममध्ये काही बिघाड नसतो. तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप्स आहेत, ती घरच्यांच्या फोनवरही आधीच टाकून द्या, नाहीतर पोचल्याचा फोन आला नाही म्हणून इथे सगळे काळजीत.

जपानला टूरिस्टना मिळणारी सिम बहुतेक फक्त डेटाची असतात, त्यावर फोन नंबर नसतो. नकाशा, व्हॉट्सॲप, सगळं होतं, पण हॉटेलला साधा फोन लावता येत नाही. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर तिथे पॉकेट वाय-फाय भाड्याने घ्यायची पद्धत आहे, चांगली आहे, फक्त सगळ्यांना त्या एका डब्याच्या आसपास राहावं लागतं आणि रोज रात्री तो चार्ज करावा लागतो.

चीनचं वेगळंच. तिथलं लोकल सिम घेतलं तर व्हॉट्सॲप, गूगल, नकाशे, जीमेल काहीच उघडत नाही. भारताचं रोमिंग किंवा हाँगकाँगचं ट्रॅव्हल सिम असेल तर उघडतं कारण त्याचा डेटा बाहेरच्या देशातून फिरून येतो. इथे मात्र मी लोकल सिमच्या विरोधात आहे.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आपला फोन चालतो का?

इथे सिमपेक्षा फोन महत्त्वाचा. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये. म्हणजे आता कॉलसुद्धा फोरजीवरच, व्होल्टीवर, लागतात आणि तुमच्या फोनचं मॉडेल त्या कंपनीने मान्य केलेलं असावं लागतं. नवीन आयफोन, पिक्सेल, सॅमसंगचे वरचे फोन यांना सहसा अडचण येत नाही, पण इथले काही स्वस्त अँड्रॉइड एटी अँड टी या अमेरिकी कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाहीत, तेच टी-मोबाइल या दुसऱ्या कंपनीवर चालून जायची शक्यता जास्त. मिंट मोबाइलसारखी स्वस्त प्रीपेड टी-मोबाइलच्याच नेटवर्कवर आहेत. ऑस्ट्रेलियात तर नियमच असा आहे की ज्या फोनवरून इमर्जन्सीचा ०००चा कॉल फोरजीवर लागणार नाही तो फोन नेटवर्कने बंदच करायचा. टेल्स्ट्रा, ऑप्टस यांच्या वेबसाइटवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, टाकून आधी तपासता येतं.

आई-बाबा सहा महिने मुलाकडे अमेरिकेला चाललेत. इथल्या नंबरचं काय करायचं?

याचं उत्तर मनापासून लिहितेय कारण आजूबाजूला हेच सगळ्यात जास्त बघते. त्यांची पेन्शन, एफडी, गॅसचं बुकिंग, सोसायटीचं बिल, आधार, सगळं त्या एका नंबरला जोडलेलं असतं. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कोणालातरी मिळतो. मग त्या परक्या माणसाच्या फोनवर तुमच्या बाबांच्या बँकेचे मेसेज.

त्यामुळे निघण्याआधी वर्षभराचा रिचार्ज मारा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली, त्यामुळे डेटाचे पैसे न भरता नंबर वर्षभर चालू ठेवता येतो. हा पॅक ॲपमध्ये पटकन दिसत नाही, खाली खाली जाऊन शोधा. रोमिंग चालू करा. आठवड्यातून एखाद्या वेळी त्या सिमवर एसएमएस येतोय ना ते मुलांनी बघावं.

काहीजण सिम इथेच शेजाऱ्यांकडे किंवा भाच्याकडे ठेवतात आणि फोनवर ओटीपी विचारून घेतात. माणूस कितीही विश्वासाचा असला तरी मला हे पटत नाही, कारण त्यामुळे ओटीपी फोनवर सांगायची सवय लागते, आणि ज्येष्ठांना फसवणारे नेमके तीच सवय शोधत असतात.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचा फोन सेट करून देत होते, जुना डब्बा फोन वेगळा आणि स्मार्टफोन वेगळा अशी त्यांची पद्धत. स्मार्टफोनमध्ये अमेरिकेचं सिम आणि डब्बा फोनमध्ये इथलं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण तो डब्बा फोन टूजीवाला, अमेरिकेत त्याला नेटवर्कच मिळणार नव्हतं. दोन्ही सिम स्मार्टफोनमध्ये घातली आणि लाइनना नावं दिली, एकीला घर आणि दुसरीला मुलगा. प्रायमरी-सेकंडरी असल्या नावांपेक्षा त्यांना ते लगेच कळलं.

नवीन सिम घातल्यावर व्हॉट्सॲप नंबर बदलायला सांगतं. बदलू का?

नाही. जुनाच नंबर ठेवा असं निवडा. व्हॉट्सॲप तुमच्या भारतातल्या नंबरवरच चालू राहतं, इंटरनेट कुठल्याही सिमचं असलं तरी. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांना आदेश दिला की ॲप ज्या सिमवर नोंदवलंय ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं अशी व्यवस्था करा. म्हणजे भारतातलं सिम काढून पाकिटात ठेवण्याचे दिवस गेले असं समजूनच चाला.

किती जीबी लागतील?

नकाशा, व्हॉट्सॲप, थोडं इन्स्टा, रात्री हॉटेलचं वाय-फाय असं असेल तर दिवसाला एक जीबी पुरतं. फोटोंचं बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा, व्हॉट्सॲपमधलं ऑटो डाउनलोड बंद करा, कारण गुड मॉर्निंगचे व्हिडिओ परदेशातही येतच राहतात. हाय क्वालिटीत सिनेमा बघितला तर तासाला ३ जीबीपर्यंत जातात, बसमध्ये मुलांच्या हातात फोन देण्याआधी घरीच डाउनलोड करून ठेवा. गूगल मॅप्समध्ये शहराचा नकाशाही आधीच उतरवून ठेवता येतो आणि जीपीएसला डेटा लागत नाही, म्हणजे नेट गेलं तरी तुम्ही कुठे आहात तो निळा ठिपका दिसतो.

सिम घातलं, रेंज दिसतेय, पण नेट चालत नाही!

आधी फोन बंद करून चालू करा. मग मोबाइल डेटा नवीन सिमवर आहे ना बघा. मग त्या नवीन सिमचं डेटा रोमिंग चालू करून बघा, ट्रॅव्हल सिम बहुतेक वेळा दुसऱ्या देशाच्या कंपनीचं असतं आणि तुम्ही जिथे आहात तिथे ते स्वतःच रोमिंगवर असतं, आणि लोक घाबरून नेमकं हेच बंद ठेवतात. तरी नाही झालं तर एपीएन, पाकिटावर किंवा मेलमध्ये एक छोटा शब्द दिलेला असतो तो सेटिंगमध्ये जसाच्या तसा टाकायचा. त्यानंतरही नाही तर नेटवर्क ऑटोमॅटिक काढून हाताने दुसरं निवडा.

फोन चालू करताना पिन मागतोय, मी तर कधी ठेवला नव्हता?

युरोपातल्या बऱ्याच सिमना कंपनीच पिन देते, प्लॅस्टिकच्या ज्या मोठ्या कार्डातून सिम तोडून काढलं त्यावर छापलेला असतो. ते कार्ड फेकू नका, त्याचा फोटो काढा. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि ते उघडायला पीयूके नावाचा दुसरा कोड लागतो, तोही त्याच कार्डावर, आठ आकडी. पीयूके दहादा चुकला तर सिम कायमचं गेलं.

तिथे रिचार्ज कसा मारायचा? माझं कार्ड घेत नाहीये.

२०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डं फक्त भारतात चालतील अशीच मिळतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल आणि ऑनलाइन दोन्ही चालू करावं लागतं. ते करूनही काही परदेशी साइट भारतीय कार्ड घेत नाहीत, मग सुपरमार्केट किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून रोख देऊन व्हाउचर घ्या, त्यावरचा नंबर टाकला की झालं. यासाठीच थोडी रोकड हवी.

घरी फोन लावला तर कोणी उचलत नाही.

कारण +४४ किंवा +६६ असा अनोळखी नंबर दिसतो आणि फसवणुकीच्या कॉलना सगळे घाबरलेत, आणि न उचलणं बरोबरच आहे त्यांचं. सिम सुरू झाल्याबरोबर घरच्या ग्रुपवर नवीन नंबर टाका. आणि फोनमधले सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करा, नाहीतर तिकडून लागत नाहीत. मुंबईचा लँडलाइन असेल तर ०२२ मधला शून्य काढून +९१ २२ आणि पुढे नंबर. बँकेचे १८०० वाले टोल-फ्री नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत, कार्ड हरवलं तर लावायचा बँकेचा +९१ वाला नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. युरोपात इमर्जन्सी ११२, ब्रिटनमध्ये ९९९ पण, अमेरिकेत ९११.

क्रूझवर सिम चालतं का?

जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की फोन जहाजाचंच सॅटेलाइटवालं नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर भयंकर असतात, साध्या पॅकमध्ये ते बसत नाही. चढल्यावर फ्लाइट मोड, मग वाय-फाय. काही विमानांतही असं नेटवर्क असतं, तिथेही फ्लाइट मोड.

ओळखीच्यांनी दोन-तीन सिम दिलीत, तिकडे एकाला द्यायची आहेत. नेऊ का?

नेऊ नका. आपल्याकडची सिम परदेशात नेऊन त्यावरून इथल्याच लोकांना फसवणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्यात, आणि सिम ज्याच्या नावावर असतं त्याच्या दारात पोलीस येतात. तिकडेही रस्त्यावर कोणी आधीच चालू केलेलं सिम विकत असेल तर घेऊ नका, ते दुसऱ्या कोणाच्या तरी पासपोर्टवर असतं. तुमच्या पासपोर्टवर, तुमच्यासमोर नोंद झालेलंच सिम घ्या, आणि काउंटरवर पासपोर्ट नजरेआड जाऊ देऊ नका.

परत आल्यावर त्या सिमचं काय करायचं?

मुंबईत उतरल्यावर मोबाइल डेटा परत इथल्या सिमवर घ्या, हे राहून जातं आणि मग टॅक्सी बुक होत नाही. परदेशी सिम लगेच फेकू नका, आधी बघा की त्या नंबरवर कुठे खातं उघडलं होतं का, तिथलं टॅक्सीचं ॲप, हॉटेलचं बुकिंग, एखादी परतावा यायची असलेली खरेदी. असेल तर नंबर बदलून घ्या, कारण प्रीपेड नंबर काही महिन्यांनी बंद होऊन तिकडेही दुसऱ्याला मिळतो. ई-सिम असेल तर मुदत संपल्याची खात्री करून मग फोनमधून काढा, आणि काढताना नीट नाव वाचून काढा, भारतातली लाइनही त्याच यादीत शेजारी असते.